नाकारलेले टेक : बॉब डिलनचे बूटलेग आणि ऐकणाऱ्याची जबाबदारी



कलाकृती पूर्ण झाली असे आपण केव्हा म्हणतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात बहुधा चित्र किंवा कविता समोर ठेवून शिकवला जातो. आज तो आम्ही जरा आडवाटेने मांडणार आहोत. गायकाने स्टुडिओत गायलेले पण नंतर बाजूला टाकलेले टेक, आणि ते चोरवाटेने मिळवून वर्षानुवर्षे जपणारे लोक, हा आजचा विषय. उदाहरण एकाच गायकाचे घेणार आहोत, बॉब डिलनचे. त्याच्या बाबतीत हा छंद इतका वाढला की शेवटी त्याच्या कंपनीनेच नाकारलेल्या टेकांची अधिकृत मालिका काढली. नाकारलेले आणि स्वीकारलेले असे शेजारी शेजारी ठेवून ऐकायची इतकी सोय फार कमी गायकांच्या बाबतीत आहे.

आधी शब्द नीट लावून घेऊ. स्टुडिओत एकच गाणे अनेकदा गायले जाते. प्रत्येक खेपेला टेक म्हणतात. त्यातला एक निवडला जातो, तो मास्टर. उरलेले ते आउटटेक. काही टेक दोन ओळींनंतर मोडतात, कुणी चुकतो, कुणाला हसू येते. काही मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत धड असतात आणि तरीही नाकारले जातात. कधी तर अख्खे गाणेच अल्बममधून गळते. हे सगळे टेपवर राहते आणि टेप कंपनीच्या कपाटात.

बूटलेग हा मूळचा चोरट्या दारूचा शब्द. बुटाच्या नळीत बाटली लपवून न्यायची, त्यावरून आलेला. संगीतात त्याचा अर्थ पायरसीपेक्षा वेगळा आहे. दुकानात मिळणाऱ्या रेकॉर्डची चोरटी प्रत काढून विकली की ती पायरसी. जे दुकानात कधी आलेच नाही ते बाहेर काढले की तो बूटलेग. आता बघा, पायरसी करणारा कलावंताचे पैसे घेतो. बूटलेगवाला पैसे तर घेतोच, पण त्याशिवाय कलावंताचा एक निर्णयही घेतो. ‘हे लोकांपुढे ठेवायचे नाही’ हा तो निर्णय. आजच्या बोलण्याचा सगळा भार या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

थोडा इतिहास सांगतो. जुलै 1966 मध्ये डिलनला मोटरसायकलचा अपघात झाला आणि त्याने दौरे थांबवले. पुढच्या वर्षी, म्हणजे 1967 मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट सॉगर्टीज इथल्या ‘बिग पिंक’ नावाच्या घराच्या तळघरात तो आणि त्याचे साथीदार गाणी करत बसले. हेच साथीदार पुढे ‘द बँड’ म्हणून प्रसिद्ध झाले. टेप रेकॉर्डर गार्थ हडसन सांभाळत होता. यातली काही नवी गाणी दुसऱ्या गायकांनी गावीत म्हणून त्यांच्या प्रती काढून वाटण्यात आल्या. प्रत एकदा घराबाहेर पडली की तिला दार माहीत असते. 1969 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये एक जोड-अल्बम विकायला आला. कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात, ना गायकाचे नाव ना कंपनीचे. लोक त्याला ‘ग्रेट व्हाइट वंडर’ म्हणू लागले. त्यात तळघरातली काही गाणी होती, 1961 साली मिनियापोलिसमध्ये टेप केलेली होती, आणि स्टुडिओतले काही वगळलेले टेकही होते. रॉक संगीतातला हा पहिला गाजलेला बूटलेग.

त्या वेळी अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात गाण्याच्या शब्दांना आणि चालीला संरक्षण होते, पण ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र संरक्षण नव्हते. ते 15 फेब्रुवारी 1972 पासूनच्या ध्वनिमुद्रणांना मिळाले. तोवर छापणाऱ्यांना मोकळे रान होते असे नाही, पण फटी भरपूर होत्या.

तबकड्या छापून विकणारे निराळे आणि संग्राहक निराळे, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. संग्राहकांची देवघेव बहुतांशी कॅसेटवर चालायची. तुमच्याकडे एक आहे, माझ्याकडे दुसरे आहे, अदलाबदल करू. नवख्याकडे द्यायला काही नसेल तर त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. पैसे घेऊन विकणाऱ्याकडे या मंडळींत तुच्छतेने पाहिले जाई. आणि यांची खास परिभाषा होती, ‘पिढी’. मूळ टेपवरून काढलेली प्रत पहिली पिढी, तिच्यावरून काढलेली दुसरी. प्रत्येक पिढीत खरखर वाढते, बारीक आवाज बुडतात. म्हणून कॅसेटवर कितवी पिढी ते लिहायचे, तारीख लिहायची, टेक पूर्ण की मोडलेला ते लिहायचे. वंशावळीसकट माल.

हे ऐकताना आमच्यासारख्याला काय आठवते? पाठचिकित्सा! पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुखठणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ते काम 1966 मध्ये पूर्ण झाले. हस्तलिखितांची कुळे लावायची, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली ते ठरवायचे, पाठभेद तळटीपेत नोंदवायचे. डिलनचे संग्राहक हेच करत होते, फक्त त्यांना कुणी विद्वान म्हटले नाही. 1966 च्या दौऱ्यातली एक मैफल ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ या नावाने वर्षानुवर्षे फिरत होती. ती प्रत्यक्षात 17 मे 1966 ची मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली आहे. 1998 मध्ये कंपनीने ती अधिकृतपणे काढली तेव्हाही मुखपृष्ठावर ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत ठेवावे लागले, कारण लोक तिला त्याच नावाने ओळखत होते. चुकीचा पाठ रूढ झाला की तो सुद्धा इतिहास होतो, हे पोथ्यांच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

आता संग्राहकांची बाजू तिच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडू. प्रतिपक्ष दुबळा करून खोडण्यात काही अर्थ नसतो. दोन पुरावे देतो.

पहिला पुरावा तळघराचाच. 1975 मध्ये कंपनीने ‘द बेसमेंट टेप्स’ या नावाने अधिकृत जोड-अल्बम काढला. त्यातल्या 24 गाण्यांपैकी 8 गाण्यांत डिलन नाहीच, ती द बँडची आहेत. शिवाय जुन्या मुद्रणांवर मागाहून वाद्ये चढवली होती. म्हणजे नावात तळघर, आणि आत तळघराची डागडुजी. जे लोक वर्षानुवर्षे चोरट्या प्रती ऐकत होते, त्यांच्या हे लगेच लक्षात आले. अधिकृत आवृत्ती मूळाशी कितपत इमान राखते हे तपासायचे साधन या चोरांच्याच हातात होते! सगळ्या टेप नीट लावून 6 सीडींचा संच यायला 2014 साल उजाडावे लागले.

दुसरा पुरावा याहून भक्कम आहे. 1983 च्या वसंतात ‘इन्फिडेल्स’ या अल्बमसाठी डिलनने ‘ब्लाइंड विली मॅक्टेल’ हे गाणे मुद्रित केले. ब्लाइंड विली मॅक्टेल हा जॉर्जियातला अंध ब्लूज गायक, 1959 मध्ये वारलेला. गाजलेल्या टेकमध्ये पियानोवर डिलन आणि साथीला मार्क नॉफ्लरची गिटार, एवढेच. गुलामगिरीचा सारा इतिहास त्या गाण्याच्या पार्श्वभूमीला उभा आहे, आणि हे सगळे सांगायला आपण अपुरे आहोत, त्याला मॅक्टेलच हवा होता, ही जाणीव प्रत्येक कडव्याच्या शेवटी परत येते. डिलनने हे गाणे अल्बममधून काढून टाकले. बूटलेगवर ते फिरत राहिले आणि ऐकणाऱ्यांचे मत बनत गेले की त्याच्या त्या दशकातले सर्वोत्तम गाणे हेच. अधिकृतपणे ते 1991 मध्ये आले, आणि डिलनने स्वतः ते मैफलीत गायला सुरुवात केली ती 1997 मध्ये, तेही द बँडने आधी ते मुद्रित केल्यानंतर. इथे संग्राहक विचारतात, ‘सांगा, आम्ही चोरी केली नसती तर?’ प्रश्न रास्त आहे. कलावंत स्वतःच्या कामाचा उत्तम पारखी असतोच असे नाही, आणि काही गोष्टी त्याच्या कचरापेटीतून उचलाव्या लागतात, हे आम्ही मान्य करतो.

पण मान्य केल्यावर पुढे काय? इथूनच आमचा वाद सुरू होतो. एका गाण्याच्या बाबतीत जे खरे, त्याचा हळूहळू सिद्धान्त झाला. सिद्धान्त असा की, नाकारलेले ते अधिक खरे. कच्चे ते प्रामाणिक, आणि पक्के ते तडजोडीचे. हा सिद्धान्त आम्हाला साफ अमान्य आहे, आणि तो खोडण्यासाठी संग्राहकांचाच सर्वांत लाडका ऐवज आम्ही पुढे ठेवतो, ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’.

सप्टेंबर 1974 मध्ये डिलनने न्यूयॉर्कच्या स्टुडिओत हा अल्बम मुद्रित केला. दहा गाणी, बहुतेक ठिकाणी गिटार आणि बास, कुठे थोडा ऑर्गन. तपासणीसाठी तबकडीही कापली गेली. मग डिसेंबरच्या अखेरीस तो मिनेसोटात आपल्या घरी गेला, भावाशी बोलणे झाले, आणि तिथल्या स्थानिक वादकांना घेऊन मिनियापोलिसच्या साउंड 80 या स्टुडिओत दहापैकी पाच गाणी त्याने पुन्हा मुद्रित केली. जानेवारी 1975 मध्ये अल्बम बाजारात आला तो निम्मा न्यूयॉर्कचा आणि निम्मा मिनियापोलिसचा. वेष्टने आधीच छापून झाली होती, त्यामुळे मिनियापोलिसच्या वादकांची नावे त्यांवर नव्हतीच. ती तपासणीची तबकडी अर्थातच बूटलेग झाली. तेव्हापासून संग्राहकांमध्ये एक मत घट्ट आहे की खरा ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ हा न्यूयॉर्कचा. तिथे त्याचे दुःख उघडे आहे, मिनियापोलिसला त्याने त्यावर पांघरूण घातले. पुरावा म्हणून सांगतात की न्यूयॉर्कच्या टेकमध्ये जाकिटाची बटणे गिटारवर आपटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. येतो, खरंच येतो. पण बटणाचा आवाज ऐकू आला म्हणजे काळीज ऐकू आले असे होत नाही ना!

आता आपण नीट ऐकून बघू. ‘टँगल्ड अप इन ब्लू’ घ्या. न्यूयॉर्कच्या टेकमध्ये सुरुवातीला पहाटे अंथरुणात पडलेला माणूस ‘तो’ आहे. मिनियापोलिसच्या टेकमध्ये तिथे ‘मी’ आहे. म्हणजे ज्याला आपण कच्चा, थेट, आत्मकथनाचा म्हणतो त्या टेकमध्ये गाणारा स्वतःपासून अंतर राखून आहे, आणि तीन महिन्यांनी, दुसऱ्या गावात, अनोळखी वादकांच्या संगतीत तो ‘मी’ म्हणतो. तिथल्याच एका गिटारवादकाच्या सूचनेवरून स्वर चढवला गेला, त्यामुळे आवाज ताणला जातो आणि गाण्याला निकड येते. पहिल्या खेपेला जे निघते ते खरे आणि दुसऱ्यांदा हात फिरवला की खोटे, ही कल्पना इथे टिकत नाही. इथे तर ‘मी’ म्हणायला दुसरी खेप लागली.

दुसरे ‘इडियट विंड’. न्यूयॉर्कचे ‘इडियट विंड’ ऐकताना वाटते, हा माणूस थकला आहे, राग संपून गेला आहे आणि शिल्लक आहे ती खंत. फार सुंदर टेक आहे, आम्हाला अतिशय प्रिय. मिनियापोलिसच्या टेकमध्ये तो जवळजवळ ओरडतो, शब्द चावून फेकतो. संग्राहक म्हणतात, पहिलाच बरा होता. एकटे गाणे म्हणून कदाचित असेलही. पण अल्बममध्ये ते एकटे नाही. पहिल्या बाजूला चौथे ‘इडियट विंड’ आणि त्याच्या मागोमाग पाचवे, न्यूयॉर्कचे, हलक्या पावलांचे, जवळजवळ आनंदी असे ‘यू आर गॉना मेक मी लोनसम व्हेन यू गो’. आठ मिनिटांच्या आसपास कुणाला तरी सोलून काढल्यावर लगेच हे! दुसऱ्या बाजूच्या शेवटी ‘शेल्टर फ्रॉम द स्टॉर्म’ आणि ‘बकेट्स ऑफ रेन’, दोन्ही न्यूयॉर्कची, शांत. चढ-उतार आहे, उन्हातून सावलीत यावे तसे आपण येतो. तपासणीच्या तबकडीवर मात्र सगळे एकाच तापमानाचे आहे. दहा उत्तम गाणी आहेत, पण सलग सावलीच. ऊन नसेल तर सावलीला सावली तरी का म्हणायचे? आमचे मत असे की डिसेंबरातल्या त्या निर्णयाने गाण्यांच्या गठ्ठ्याचा अल्बम झाला.

आणखी एक बारीक गोष्ट. 2018 मध्ये ‘मोर ब्लड, मोर ट्रॅक्स’ हा अधिकृत संच आला तेव्हा कळले की मूळ अल्बमसाठी न्यूयॉर्कच्या बऱ्याच मुद्रणांचा वेग डिलनच्याच सांगण्यावरून दोन ते तीन टक्के वाढवलेला होता. संचात तीच मुद्रणे मूळ वेगात आहेत. आता सांगा, कोणता वेग ‘खरा’? खोलीत ज्या वेगाने गायले गेले तो, की गायकाने ऐकून ‘असे हवे’ म्हटले तो? खोलीतला वेग ही एक घटना आहे. वाढवलेला वेग ही त्या घटनेवरची कृती आहे. आपण ज्याला कला म्हणतो ती यांपैकी कशात असते?

इथे थोडे तत्त्वज्ञान. नेल्सन गुडमन यांनी 1968 च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात कलांची एक विभागणी केली. काही कलांत नक्कल आणि अस्सल हा भेद अर्थपूर्ण असतो, उदाहरणार्थ चित्र. काहींत तो नसतो. लिहिलेल्या संगीताची संहिता पाळून कुणीही वाजवले तरी ते त्या कृतीचेच वादन. ध्वनिमुद्रित गाण्याचे काय? थिओडोर ग्रेसिक यांनी 1996 च्या ‘रिदम अँड नॉइज’मध्ये म्हटले की रॉक संगीतात कलाकृती म्हणजे शब्द आणि चाल एवढेच नव्हे, तर ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. त्यात आम्ही एवढेच जोडतो की ध्वनिमुद्रणात निवडही येते. कोणता टेक ठेवला हा त्या कृतीचा भाग, आणि म्हणून कोणते टाकले हाही.

‘लाइक अ रोलिंग स्टोन’ बघा. 15 जून 1965 ला न्यूयॉर्कमध्ये सुरुवात झाली तेव्हा ते गाणे तीन मात्रांच्या, वॉल्ट्झच्या चालीत होते. आज ते ऐकताना चमत्कारिक वाटते, राजाने भलताच अंगरखा घातल्यासारखे. 16 तारखेला चौथा टेक झाला, तो निर्माता टॉम विल्सनला पसंत पडला. जगाने पुढे ऐकला तो हाच. पण त्या दिवशी मंडळी थांबली नाहीत, आणखी 11 वेळा तेच गाणे चालले होते. कल्पना करा, ज्याला पुढे एका युगाचे गाणे म्हटले गेले ते टेपवर आहे आणि ते करणारेच पुढे जाऊन त्याला शोधताहेत. चौथा टेक त्या क्षणी पूर्ण नव्हता. मागे वळून कुणीतरी ‘हाच’ म्हटले तेव्हा तो पूर्ण झाला. पूर्णता हा टेपवर सापडणारा गुण नाही, ती माणसाने केलेली निवड आहे. उरलेल्या टेकांची किंमतही याच निवडीमुळे आहे. ‘हाच’ म्हटल्यामुळे ‘हा नाही’ ला अर्थ आला.

मग नाकारलेले टेक ऐकूच नयेत का? ऐकावेत. पण नाकारलेले म्हणून ऐकावेत. आमच्या मते संग्राहकाला मिळालेली सर्वांत मौल्यवान गोष्ट जादा गाणी ही नव्हेच. एका कलावंताला निर्णय घेताना ऐकण्याची संधी, ती खरी मिळकत. विद्यापीठात आम्ही अनेक वर्षे सौंदर्यशास्त्र शिकवले, पण कलावंत विचार कसा करतो हे दाखवायला अशी साधने फार थोडी असतात. आणि हीच मिळकत दोन प्रकारांनी हातची जाते.

एक प्रकार संग्राहकाचा, म्हणजे संपूर्णतेचा ध्यास. सगळेच हवे. मोडलेला टेक हवा, चार सेकंदांची चुकीची सुरुवात हवी. संग्रह पूर्ण करण्याच्या ओढीत टेक हा ऐकायचा न राहता यादीत खूण करायचा होतो. कपाट भरते, कान रिकामे राहतात.

दुसरा प्रकार कंपनीचा. 1991 मध्ये ‘द बूटलेग सिरीज’चे पहिले तीन खंड एकत्र आले, 58 मुद्रणे, आणि ‘ब्लाइंड विली मॅक्टेल’ त्यातच. फार चांगले काम होते ते, निवडून काढलेले. पण 2015 मध्ये ‘द कटिंग एज’ आला, त्याची सर्वांत मोठी आवृत्ती 18 सीडींची, 5000 प्रतींपुरती. 1965-66 च्या सत्रांतला प्रत्येक स्वर त्यात आहे. त्याआधी 2012 मध्ये तर गंमतच झाली. युरोपात ध्वनिमुद्रणाचे संरक्षण 50 वरून 70 वर्षे होणार होते, पण 50 वर्षांत जे प्रसिद्धच झाले नाही त्याला तो लाभ नव्हता. म्हणून जुन्या आउटटेकांचा एक संच साधारण 100 प्रतींपुरता काढला गेला. त्याच्या उपशीर्षकातच कॉपीराइट वाढवण्याचा हेतू नमूद होता! ऐकणाऱ्यांसाठी नव्हे, कायद्यासाठी काढलेली रेकॉर्ड. ज्या नकाराला एके काळी कुणी धक्का लावू नये म्हणून कपाटाला कुलूप होते, तो नकार आता मालमत्तेच्या नोंदवहीतली एक ओळ झाला.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. ‘सर, या मालिकेला डिलनचीच संमती आहे. मग तुम्ही कुणाच्या नकाराची बाजू घेता?’ उत्तर असे. त्याने मसुदे दाखवायला परवानगी दिली, मसुद्याला ग्रंथाच्या जागी बसवायला नाही. ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ आजही त्याच दहा टेकांसह विकला जातो. 2018 चा संच त्याच्या शेजारी ठेवला आहे, त्याच्या जागी नाही. आम्हीही नेमके हेच म्हणतो आहोत. ओक्लाहोमातल्या टल्सा इथे 2022 मध्ये बॉब डिलन सेंटर सुरू झाले, त्याचा संग्रह तिथे अभ्यासकांसाठी आहे. कच्च्या कामाची जागा ही अशी, अभ्यासाच्या मेजावर.

आपल्याकडच्या रसिकांच्या मनात इथे घरोघरी जपलेल्या बैठकींच्या टेप आल्या असतील. तिथे एक भेद करायला हवा. बैठकीत गायलेला राग गायकाने समोरच्या माणसांना दिलेला असतो. तो टेप करताना परवानगी घेतली की नाही हा प्रश्न आहेच, पण तो राग नाकारलेला नसतो. स्टुडिओतला आउटटेक कुणालाही दिलेलाच नसतो. पहिल्या प्रकारात आपण श्रोत्यांच्या मागच्या रांगेत जाऊन बसतो, दुसऱ्यात दाराला कान लावतो. दाराला कान लावून कळलेली गोष्ट खरी असू शकते, मोलाची असू शकते. पण ती कशी कळली हे विसरून चालत नाही.

तेव्हा ऐकणाऱ्याची जबाबदारी कोणती? आम्हाला तीन गोष्टी दिसतात. टेक कुठला, केव्हाचा, कितवा हे माहीत करून घ्यावे आणि पुढे देताना त्याच्यासोबत द्यावे. जुन्या संग्राहकांची ही शिस्त आज फायली पाठवण्याच्या घाईत हरवत चालली आहे. दुसरे, नाकारलेला टेक अधिक चांगला वाटला तर तसे जरूर म्हणावे, पण कारणे ऐकण्यातून द्यावीत. ‘कच्चा आहे म्हणून खरा’ हे कारण नव्हे. आणि तिसरे, हा टेक टाकला का असेल, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा. ‘ब्लाइंड विली मॅक्टेल’च्या बाबतीत आम्हाला त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही, म्हणून तिथे आम्ही संग्राहकांच्या बाजूने उभे आहोत. ‘इडियट विंड’च्या बाबतीत मिळते, म्हणून तिथे डिलनच्या.

ज्यांना सवड असेल त्यांनी एक करून बघावे. ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, गाणी मागेपुढे न करता. दुसऱ्या दिवशी त्याच दहा गाण्यांचे न्यूयॉर्कचे टेक ऐका. तिसऱ्या दिवशी पुन्हा अल्बम. तिसऱ्या दिवशी ‘इडियट विंड’ सुरू होईल तेव्हा आदल्या दिवशीचा थकलेला आवाजही कानात असेल, आणि हा माणूस ओरडायचे का ठरवतो आहे याचा विचार तुम्ही करू लागाल. आमच्याशी मतभेद झाला तर तो लिहून पाठवा, मात्र कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी, ते लिहा. पुढच्या वेळी त्यापासूनच सुरुवात करू.